कोर्टात न चालणारी कलमं गावात कशी चालवायची

"काहून बाप्पा, कोर्टात चालत नाही तं मंग लिहून ठेवलं कायले?" संविधानाचा चौथा भाग, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं, गावात वाचायला घेतला की हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. संविधान सभेतही तो वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता. के. टी. शहा यांनी या तत्त्वांना बँकेला सवड होईल तेव्हा वटणारा चेक म्हटलं होतं. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी सांगितलं की सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं डावलून चालणार नाही. कोर्टात नाही तरी मतदारांपुढे त्याला जाब द्यावाच लागेल.

हा लेख तो जाब विचारणाऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेली बाई, बचत गटाची अध्यक्ष, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता गावाचे अर्ज लिहून देणारा पोरगा. परीक्षेच्या पुस्तकांत ही तत्त्वं समाजवादी, गांधीवादी, उदारमतवादी अशा तीन खणांत पाठ करायला लावतात. पेपरपुरतं ठीक आहे. अर्ज लिहिताना त्या खणांचा काडीचाही उपयोग होत नाही.

पायरी १: भाग चार स्वतः वाचा

'भारताचे संविधान' मराठीत मिळतं. नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात विचारा, नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात. पुस्तकात मथळा 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे' असा दिसेल; शाळेत शिकलेली 'मार्गदर्शक तत्त्वे' ती हीच. कलम ३६ ते ५१, एवढाच मजकूर. एका बैठकीत वाचून होतो.

प्रत जुनी असेल तर जपून. मोफत कायदेविषयक साहाय्याचं ३९क आणि पर्यावरणाचं ४८क ही कलमं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली, सहकारी संस्थांचं ४३ख ९७ व्या दुरुस्तीने. कलम ४५ तर २००२ मध्ये पूर्ण बदललं.

वाचताना ३६ आणि ३७ वर थांबा. ३६ सांगतं की इथे 'राज्य' म्हणजे भाग तीनमध्ये, मूलभूत हक्कांच्या भागात, आहे तेच. त्या व्याख्येत केंद्र आणि राज्य सरकारांसोबत स्थानिक प्राधिकरणंही येतात. म्हणजे जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली आणि आपली ग्रामपंचायतही आली. सरपंच "ते सरकारचं काम आहे" म्हणाले तर त्यांना हे पान दाखवा. ३७ चे दोन भाग आहेत. पहिल्यात या तरतुदी न्यायालयाकडून बजावून घेता येणार नाहीत असं म्हटलंय. दुसऱ्यात, ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं म्हटलंय. बहुतेक लोक पहिल्या अर्ध्यावरच पुस्तक मिटतात. आपलं काम दुसऱ्या अर्ध्यावर चालतं.

पायरी २: गावाचा प्रश्न नेमका कोणत्या कलमात बसतो ते पाहा

सगळी कलमं गावाच्या कामाची नाहीत. ५० न्यायव्यवस्था कार्यपालिकेपासून वेगळी ठेवण्याबद्दल आहे, ५१ आंतरराष्ट्रीय शांततेबद्दल. ४४ म्हणजे समान नागरी संहिता. तिच्यावर पानठेल्यावर सगळ्यात जास्त वाद होतात आणि ग्रामसभेच्या हातात त्यातलं काहीही नसतं. पुढे चला.

कामाची कलमं अशी. म्हातारपण, आजारपण, अपंगत्व, बेकारी यांत सरकारी मदत आणि कामाचा हक्क हे ४१ मध्ये. बाळंतपणातली मदत आणि कामाच्या ठिकाणची माणुसकीची परिस्थिती ४२ मध्ये. सहा वर्षांखालच्या लेकरांची देखभाल ४५ मध्ये. पोषण, सार्वजनिक आरोग्य आणि दारूबंदी ४७ मध्ये. दलित-आदिवासींचं शिक्षण, त्यांचं आर्थिक हित आणि शोषणापासून संरक्षण ४६ मध्ये. जुनी देवळं, किल्ले ४९ मध्ये; चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याच्या मंदिरांसारख्या संरक्षित वास्तूंच्या देखभालीचा आधार तिथे आहे.

३८(२) आपल्याकडच्या लोकांनी वेगळं वाचावं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आलेलं हे पोटकलम माणसामाणसांतलीच नाही, तर निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या लोकांतलीही विषमता कमी करायला सांगतं. विदर्भाच्या अनुशेषावर भाषणं खूप झाली. त्यांत अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचं नाव येतं, विकास मंडळांचं कलम ३७१(२) येतं, हे पोटकलम क्वचितच येतं.

३९ मध्ये सहा बाबी आहेत. त्यातली (घ) म्हणजे बाई आणि माणूस दोघांना समान कामाला समान मजुरी. गावात ती कुठे मोडते ते बघायला लांब जायला नको. कापसाची वेचाई किलोवर असते, तिथे दर सारखा. निंदणाला रोज ठरतो आणि तो बायांचा कमी. ज्या कामाला पुरुष माणसं लागतात त्याचा रोज जास्त, मग ते काम तासभर कमी का असेना. (ङ) सांगते की कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हातमोजे आणि मास्क कोणी द्यायचे हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. त्याचं मूळ या ओळीत आहे.

आणि (ख), समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हिताची होईल अशी वाटण्याबद्दल. हिच्या जोरावर "अमक्याचं वावर आता समाजाचं" असं कोणी म्हणू लागला तर त्याला आवरा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

पायरी ३: कलमाखालचा कायदा शोधा

सगळा जोर या पायरीवर लावा. कलम एकटं घेऊन तहसीलमध्ये गेलात तर बाबू हसून चहा पाजेल आणि परत पाठवेल. कलमाच्या खाली कायदा असतो, कायद्याखाली नियम, नियमांखाली शासन निर्णय, आणि त्याखाली एक विशिष्ट अधिकारी ज्याच्या टेबलावर तो कागद पडायला हवा. ही साखळी खालपर्यंत उतरलात की हसणं थांबतं.

कलम ४१ घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. काम मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. केंद्राने तसा कायदा २००५ मध्ये केला. योजनेचं नाव आणि दिवसांची संख्या दिल्लीहून बदलते, म्हणून अर्जाआधी पंचायत समितीत चालू कायदा कोणता ते विचारा. पण एक गोष्ट पक्की धरा: काम मागितल्याचा कागद हातात हवा. लेखी मागणी आणि तारखेची पोच. पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा दावा उभाच राहत नाही. याच कलमाची दुसरी बाजू निराधारांची: संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना. दोन्हींचे अर्ज तहसीलला जातात. अडतं ते बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि वयाच्या पुराव्यावर. आधार कार्डावरचं वय आणि मतदार यादीतलं वय जुळत नाही, अशा आज्या गावोगावी आहेत. तो घोळ आधी निस्तरा, अर्ज नंतर.

कलम ४५ ची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. मूळ कलमात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. मुदत असलेलं हे भाग चारमधलं एकमेव कलम. दहा वर्षं १९६० मध्ये संपली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जगण्याच्या हक्काशी, म्हणजे कलम २१ शी, जोडून वाचलं. २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने २१क हा मूलभूत हक्क आला, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तेव्हा कुठे गावकऱ्याच्या हातात मोजता येण्याजोगं काही आलं: पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पटसंख्या कमी म्हणून शाळा हलवण्याची भाषा सुरू झाली की 'आमच्या लेकरांचं नुकसान होईल' एवढंच लिहू नका. अंतर मोजा. मधला नाला पावसाळ्यात किती दिवस भरून वाहतो ते लिहा, जंगलातून वाट असेल तर तेही.

कलम ४७ मधली दारूबंदी आपल्याकडे नकाशावर दिसते. वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. एकाच कलमाखाली शेजारशेजारच्या जिल्ह्यांत तीन प्रकार. म्हणून तुमच्या जिल्ह्यात काय लागू आहे ते आधी बघा. यवतमाळ, अमरावती, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात गावात परवान्याचं दुकान असेल, तर आडव्या बाटलीचा, म्हणजे मतदानाने दुकान बंद करण्याचा, रस्ता आहे. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. फसगत इथे होते: निम्म्याहून जास्त मतं यादीतल्या एकूण मतदारांच्या हिशोबाने लागतात, मतदानाला आलेल्यांच्या हिशोबाने नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मतदान ठेवलं तर ठराव पडलाच समजा. वर्धा-गडचिरोलीत परवान्याचं दुकानच नाही, तिथे बाटली आडवी करण्याचा प्रश्न येत नाही. तिथली हातभट्टी आणि चोरटी दारू हा पोलिसांचा विषय, तक्रार ठाण्यात द्यायची.

४० व्या कलमाचं झाड सगळ्यात मोठं वाढलं. ग्रामपंचायती संघटित करा आणि स्वराज्याचे घटक म्हणून चालायला लागतील ते अधिकार त्यांना द्या, एवढंच ते म्हणतं, आणि तेही मूळ मसुद्यात नव्हतं. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संथानम यांच्या दुरुस्तीने आलं. त्यातून १९५८ चा आपला ग्रामपंचायत अधिनियम, पंचायतींना संविधानात जागा देणारी ७३ वी दुरुस्ती आणि आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा असा रस्ता गेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत ग्रामसभा चालवली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही गावाकडे आला. गाव पेसात असेल तर ग्रामसभेचे अधिकार बरेच जास्त असतात. नसेल तर मेंढ्याची नक्कल जशीच्या तशी होणार नाही.

शासन निर्णय शोधायला राज्य शासनाचं संकेतस्थळ आहे. विभागाचं नाव आणि तारखेचा अंदाज टाकला की सापडतो. प्रत्येक निर्णयावर एक लांबलचक संकेतांक असतो. तो अर्जात लिहा. अधिकाऱ्याला "असा जीआर आमच्याकडे आलाच नाही" म्हणणं त्यामुळे अवघड जातं.

पायरी ४: ग्रामसभेत ठराव घ्या

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास त्या होतात. विषयपत्रिका निघण्याआधी तुमचा विषय लेखी द्या. ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला ठराव अर्धवट लिहिला जातो. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती न भरल्याने सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. गावातल्या हुशार मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं, तुम्हालाही असू द्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अंगणवाडी, दारू, पाणी हे विषय तिथे आधी मांडले तर मोठ्या सभेत बायांचा आवाज एकट्या बाईचा राहत नाही.

ठरावाची भाषा साधी आणि क्रम ठरलेला असावा: काय घडतंय, कायदा काय म्हणतो, मग संविधान, मग कोणी कधीपर्यंत काय करायचं. अंगणवाडीतल्या आहाराचं उदाहरण घ्या:

"गावातील अंगणवाडीत ३ ते ६ वर्षे वयाच्या बालकांना दिनांक ____ पासून गरम ताजा आहार नियमित मिळत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ५ अन्वये हा आहार विनामूल्य देणे बंधनकारक आहे. बालकांची देखभाल व पोषण हे संविधानाच्या अनुच्छेद ४५ व ४७ अन्वये राज्याचे कर्तव्य आहे. सबब, बाल विकास प्रकल्प अधिकारी यांनी १५ दिवसांत आहार सुरळीत सुरू करावा व केलेली कार्यवाही ग्रामपंचायतीस लेखी कळवावी, असा ठराव ही ग्रामसभा करीत आहे. सूचक ____, अनुमोदक ____."

संविधान कायद्याच्या मागून आलंय, हे मुद्दाम आहे. अधिकारी कायद्याला बांधील असतो, आणि संविधानाची ओळ त्याला सांगते की हा कायदा कोणाची मेहेरबानी म्हणून झालेला नाही. उलट क्रमाने लिहिलेले ठराव भाषणासारखे वाटतात आणि फायलीत तसेच पडून राहतात. अंगणवाडी सेविकेवर मात्र ठरावात ठपका ठेवू नका. धान्य वरूनच आलं नसेल तर त्या बाईच्या हातात काही नसतं, आणि उद्या लेकरं तिच्याचकडे जायची आहेत.

ठरावाची प्रत ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्यासह मागा. शासनाने त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी केलंय, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. अर्जावर नवीन पदनाम घाला, म्हणजे त्या कारणावरून कागद परत येणार नाही.

पायरी ५: पोच, मग माहिती अधिकार

ठराव आणि अर्ज पंचायत समितीच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणजे अर्ज दिला असं होत नाही. दाखल्यांसारखी सेवा असेल तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात मुदत ठरलेली असते. कार्यालयात त्या मुदतींचा फलक लावणं बंधनकारक आहे.

मुदतीत काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. 'का केलं नाही' असं विचारू नका. कारण ही माहिती नाही म्हणून अर्ज फेटाळतात. 'दि. ____ च्या आवक क्र. ____ वर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी' असं मागा.

पायरी ६: वकील लागला तर

कलम ३९क मुळे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. हेल्पलाइन १५१००. मजुरीचे, पोटगीचे, जमिनीच्या धुऱ्याचे वाद घेऊन बाया सरळ तिथे जाऊ शकतात. गावात याची माहिती कमी, म्हणून दलाल जास्त.

वकिलाला भाग चारच्या कलमावर थेट केस लावायला सांगू नका, लागणार नाही. पण मूलभूत हक्काचा अर्थ लावताना न्यायालयं ही तत्त्वं शेजारी ठेवतात. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात ३९(क), म्हणजे ३९ मधलं उपजीविकेच्या साधनांचं पहिलं पोटकलम, आणि ४१ यांच्या आधाराने उपजीविका ही जगण्याच्या हक्कात धरली गेली. शाळेत शिजवलेलं अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेशही अशाच वाटेने आला. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालल्या त्याही कलम २१ वर. उच्च न्यायालयासाठी मुंबईला जायची गरज नाही, विदर्भासाठी नागपूरचं खंडपीठ आहे.

आणि जिथे कायदा असूनही चालत नाही

असं होतं. निंदणाच्या रोजाचंच बघा. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत गेला. म्हणजे कागद आहे. पण ज्याच्या वावरात उद्या कामाला जायचं त्याच्याविरुद्ध एकटी बाई तक्रार करत नाही, आणि तिने करावी असा आग्रह बाहेरच्याने धरू नये. अशा ठिकाणी निंदणाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, पेरणी आटोपून निंदण सुरू होतं त्या मधल्या दिवसांत, सगळ्या मजूर बायांनी एकत्र बसून रोज ठरवणं आणि तो गावात सांगणं हेच चालतं. ग्रामसभेत नोंद झाली तर आणखी बरं, कारण मग शेतकऱ्यालाही शेजाऱ्यापेक्षा जास्त दिल्याचा बोल लागत नाही.

निवडणुकीच्या दिवसांत वेगळी संधी असते. उमेदवार दारात आला की 'विकास करा' म्हणू नका. पोच मिळालेला अर्ज दाखवा, आवक क्रमांक वाचा, आणि निवडून आल्यावर तो कोणत्या टेबलावरून हलवणार ते चार माणसांसमोर विचारा. उत्तर वहीत लिहा, तारीख टाका.

माहिती अधिकाराला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांसाठी नागपूर खंडपीठ, अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावती. अपिलाला पहिल्या अर्जाची पोच जोडावीच लागते.